चवीची पारख आणि पारखणाऱ्याची परीक्षा

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची नावे घेतली की प्रथम आठवतो तो ऊस. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या अवर्षणग्रस्त मुलखाचे रूपच पालटले. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, वालचंदनगर ही साखरेची गावे त्याच पाण्यावर उभी राहिली. या भागातील शाळांमध्ये शिकणाऱ्या अनेक मुलांना 'ब्रिक्स' हा शब्द पाठ्यपुस्तकाआधी घरातच कळतो. १०० ग्रॅम रसात किती ग्रॅम घनपदार्थ विरघळलेले आहेत, ते ब्रिक्सच्या अंशांत सांगतात. उसाच्या रसात हे घनपदार्थ म्हणजे मुख्यतः साखर. एकोणिसाव्या शतकातील अडॉल्फ ब्रिक्स या जर्मन शास्त्रज्ञाचे हे नाव.

याच परिसरातील द्राक्ष बागायतदारही ब्रिक्स मोजतो. मणी चिरडून रसाचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि आकडा वाचायचा. रसात साखर जितकी जास्त तितका प्रकाश अधिक वाकतो, एवढ्या साध्या नियमावर हे उपकरण चालते. गोडी मोजण्याची सोय अशी झाली. पण 'गोड' आणि 'चांगले' हे दोन शब्द एकच नव्हेत. सारख्याच ब्रिक्सच्या दोन द्राक्षांपैकी एक चवदार लागते आणि दुसरे नुसतेच गोड. हा फरक मोजायचा कशाने?

चव मोजण्याचे सर्वांत दीर्घ आणि सर्वांत खटाटोपाचे प्रयत्न माणसाने केले ते वाइनच्या बाबतीत, त्यातही रेड वाइनच्या. म्हणून या लेखात आम्ही तो इतिहास निवडला आहे. वाइन पिणे हा अर्थातच विद्यार्थ्यांचा विषय नव्हे; महाराष्ट्रात २१ वर्षांखालील व्यक्तींना त्याची कायद्यानेच मनाई आहे. आपल्याला येथे रस आहे तो मोजमापाच्या प्रश्नात. ज्याचे उपकरण माणसाची जीभ आणि नाक हेच आहे, त्या मापावर विश्वास कसा ठेवायचा?

एका किडीने घडवलेला इतिहास

स्पेनच्या उत्तरेला एब्रो नदीच्या खोऱ्यात रिओहा नावाचा प्रदेश आहे. तेथे द्राक्षमळे फार जुने. पण आज ज्या पद्धतीची रिओहाची रेड वाइन प्रसिद्ध आहे, ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडली. फ्रान्समधील बोर्दो येथील पद्धत, म्हणजे ओक लाकडाच्या सुमारे २२५ लिटरच्या पिंपात वाइन मुरवणे, काही स्पॅनिश बागमालकांनी १८५० नंतर आपल्याकडे आणली. पुढे तिला जोर मिळाला तो एका किडीमुळे. फायलोक्सेरा नावाची मावावर्गीय कीड अमेरिकेतून युरोपात आली आणि १८६० च्या दशकापासून फ्रान्समधील वेलींची मुळे पोखरू लागली. १८६८ साली प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी तिला मुळांवर शोधून काढले. फ्रान्समधील मळे वाळत चालले, तसे तेथील व्यापारी माल शोधत रिओहात आले. मागणी वाढली, ओरो या रेल्वेस्थानकाच्या गावाभोवती तळघरे उभी राहिली आणि १८९२ मध्ये तेथे वाइनशास्त्राचे संशोधन केंद्रही निघाले. शतक संपतासंपता ती कीड रिओहातही पोचली.

उपाय अमेरिकेतच सापडला. अमेरिकन रानद्राक्षांच्या मुळांना ही कीड फारशी बाधत नाही. म्हणून खुंट अमेरिकन आणि त्यावर कलम युरोपीय जातीचे, अशी रीत पडली. आपल्याकडे महाराष्ट्रातील बागांत 'डॉगरिज' खुंटावर कलम करतात, तेव्हा आपण याच कल्पनेचा उपयोग करत असतो. मात्र आपले कारण निराळे आहे. आपल्याला तो खुंट हवा असतो क्षारयुक्त जमीन आणि पाण्याचा ताण सोसण्यासाठी.

नाव झाले की नकलाही होतात. रिओहाच्या नावाने कोणतीही वाइन विकली जाऊ नये म्हणून १९२५ साली त्या नावाला अधिकृत संरक्षण मिळाले आणि पुढे नियामक मंडळ आले. १९९१ मध्ये स्पेनमधील सर्वांत वरचा दर्जा मिळवणारा रिओहा हा पहिला प्रदेश ठरला. तेथील रेड वाइनच्या बाटलीवरचे शब्द मुरण्याचा काळ सांगतात. 'क्रियान्सा' म्हणजे किमान २ वर्षे, त्यांपैकी किमान १ वर्ष पिंपात. 'रेझेर्वा' म्हणजे किमान ३ वर्षे, त्यांतील किमान १ पिंपात. 'ग्रान रेझेर्वा' म्हणजे किमान ५ वर्षे, त्यांतील किमान २ पिंपात.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. हे शब्द काळाचे माप देतात, चवीचे नाही. काळ दिनदर्शिकेवर मोजता येतो, म्हणून तो कायद्यात लिहिता आला. चव लिहिता आली नाही. म्हणून रिओहाच्या मंडळाने रासायनिक तपासणीबरोबरच चाखून पाहणाऱ्या परीक्षकांची समितीही ठेवली. ती समिती बाटलीवरचे नाव न पाहता नमुने तपासते. प्रत्येक वर्षाच्या पिकालाही 'उत्कृष्ट', 'फार चांगले', 'चांगले' अशी श्रेणी दिली जाते.

डोळा, नाक आणि तोंड

परीक्षक काय करतो? प्याला पांढऱ्या कागदावर तिरका धरून तो आधी रंग पाहतो. काळ्या द्राक्षाच्या सालीतील अँथोसायनिन ही रंगद्रव्ये जांभूळ, करवंद आणि जास्वंद यांतही असतात. आम्लात ती लाल राहतात. आम्लता कमी होत गेली की लाली उतरते आणि निळसर झाक येते. जास्वंदीचा अर्क दर्शक म्हणून आपण प्रयोगशाळेत वापरतोच. वाइन जुनी होते तशी ही द्रव्ये टॅनिनशी जोडली जातात आणि प्याल्याच्या कडेचा रंग जांभळट जाऊन विटकरी होतो. जाणकार कडेवरून वयाचा अंदाज करतात तो यामुळे.

प्याला हलवल्यावर काचेवरून ओघळणारे थेंब हे उत्तम प्रतीचे लक्षण, असा एक समज आहे. १८५५ साली जेम्स थॉमसन याने त्यांचे कारण सांगितले. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल लवकर उडून जाते, उरलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो, तो आणखी द्रव वर ओढतो आणि मग थेंब होऊन खाली घसरतो. म्हणजे हे थेंब अल्कोहोलविषयी सांगतात, गुणवत्तेविषयी नाही.

दुसरी पायरी नाकाची, आणि खरी महत्त्वाची हीच. ज्याला आपण चव म्हणतो त्यातील बराच भाग वासाचा असतो. घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा. सर्दी झाली की आमटी बेचव लागते, त्याचे कारण जिभेत नसून चोंदलेल्या नाकात आहे. रिओहात अमेरिकन ओकची पिंपे पूर्वापार वापरात आहेत. या लाकडातून व्हॅनिलिन उतरते, त्याचा वास व्हॅनिलासारखा. त्याच लाकडातील लॅक्टोन वर्गाच्या एका संयुगामुळे ओल्या नारळाचा वास येतो. जुन्या धाटणीची रिओहा ओळखण्याची ही एक खूण.

तिसरी पायरी तोंडाची. येथे आपल्या पाठ्यपुस्तकांतील एक जुनी चूक सांगायला हवी. जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा 'जिभेचा नकाशा' आपण सर्वांनी काढला आहे. त्याचे मूळ १९०१ च्या एका जर्मन निबंधात आहे. तेथे आढळलेले संवेदनक्षमतेतील किरकोळ फरक पुढे १९४२ च्या एका ग्रंथातील आलेखामुळे फार मोठे भासले. प्रत्यक्षात रुचिकलिका असलेल्या जिभेच्या सर्व भागांना सर्व चवी कळतात.

रेड वाइनमधील तुरटपणाचीही गंमत आहे. आपल्याकडे सहा रसांत 'कषाय' म्हणजे तुरट या रसाला मानाचे स्थान आहे. पाश्चात्त्य शरीरशास्त्रज्ञ मात्र त्याला बहुधा चव न म्हणता स्पर्श म्हणतात. कच्ची सुपारी किंवा हिरडा चघळला की तोंड आवळून येते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना धरून त्यांचा साका करते, लाळेचे वंगण कमी होते आणि जीभ खरखरीत वाटते. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असते. रेड वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून ती तुरट. तुरटपणा खरखरीत आहे की मऊ, आंबटपणा त्याला तोलून धरतो की नाही आणि चव किती वेळ रेंगाळते, हे पाहून परीक्षक तोंडातला घोट थुंकून टाकतो. दिवसभरात पन्नास नमुने तपासणाऱ्याला दुसरा मार्गच नाही.

हे सारे आकड्यांत बसवण्यासाठी कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील विद्यापीठात १९५९ साली २० गुणांची पद्धत मांडली गेली. १९८४ मध्ये तेथीलच अ‍ॅन नोबल यांनी वासांचे चक्र तयार केले. 'छान', 'भारदस्त' असले मोघम शब्द टाळून लवंग, मिरी, मनुका असे प्रत्यक्ष हुंगून पाहता येतील असे शब्द वापरा, हा त्यामागचा आग्रह. आपल्या भाषेत असे चक्र करायचे झाले तर जांभूळ, करवंद, कात, ओली माती, चिंच हे शब्द त्यात यायला हवेत.

मोजणाऱ्याला मोजा

तराजू घेतला की आपण आधी तो खरा आहे का ते तपासतो. जिभेच्या तराजूची तपासणी मात्र फार उशिरा सुरू झाली. तिची सुरुवात वाइनने नव्हे, चहाने झाली. १९२० च्या दशकात इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात म्युरिएल ब्रिस्टल या शास्त्रज्ञ बाईंनी सांगितले की कपात आधी दूध ओतले की आधी चहा, हे त्यांना चवीवरून कळते. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी त्यावर परीक्षा सुचवली. आठ कप, चार एका तऱ्हेचे आणि चार दुसऱ्या तऱ्हेचे, क्रम सरमिसळ केलेला. आठांतून चार निवडण्याचे ७० प्रकार होतात. म्हणजे नुसत्या अंदाजाने सर्व बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १. फिशर यांनी १९३५ च्या आपल्या ग्रंथात हे उदाहरण घेऊन प्रयोगाची आखणी कशी करावी ते समजावले.

वाइनच्या जगाला झाकल्या बाटलीचा धक्का बसला तो १९७६ मध्ये. पॅरिसमधील इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियन वाइन नावे झाकून ठेवल्या. रेड आणि व्हाइट दोन्ही गटांत पहिली आली ती कॅलिफोर्नियाची वाइन. १९७९ साली पॅरिसमध्येच झालेल्या दुसऱ्या एका स्पर्धेत तोरेस या स्पॅनिश घराण्याच्या १९७० सालच्या रेड वाइनने शातो लातूरलाही मागे टाकले. (या लातूरचा आपल्या लातूरशी संबंध नाही, बोर्दोतील तो अतिशय नामांकित मळा आहे.) स्पेनची रेड वाइन म्हणजे स्वस्त माल, हा ग्रह त्या दिवशी डळमळला. नाव दिसत असते तर निकाल असाच लागला असता का, हे सांगणे कठीण नाही.

पण झाकल्या बाटलीनेही सगळे प्रश्न सुटत नाहीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील एका प्रयोगात व्हाइट वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग मिसळून ती वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली. त्यांनी तिचे वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केले. नाकाने डोळ्याचे ऐकले! २००८ मध्ये रॉबर्ट हॉजसन यांनी कॅलिफोर्नियातील एका मोठ्या स्पर्धेच्या परीक्षकांची पाहणी प्रसिद्ध केली. एकाच बाटलीतील वाइन त्यांना न सांगता तीनदा दिली होती. दहांपैकी सुमारे एकच परीक्षक तिन्ही वेळा जवळपास सारखे गुण देऊ शकला.

यावरून चव पारखणे म्हणजे निव्वळ थोतांड, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. ढोबळ दोष प्रशिक्षित नाक खात्रीने पकडते. निष्कर्ष एवढाच, की एका माणसाचा एका वेळचा आकडा पुरेसा नाही. नमुना झाकलेला हवा, परीक्षक अनेक हवेत आणि तोच नमुना पुन्हा देऊन त्यांचीही तपासणी व्हायला हवी.

नीरेच्या दोन्ही काठांवर

हेच स्टीव्हन स्परियर आपल्या उत्तरायुष्यात नीरेच्या काठी आले. इंदापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी नीरा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील अकलूज लागते. तेथे इटलीतील सेक्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील या तीन घरांतील भावांनी मिळून फ्रातेल्ली ही वाइनरी सुरू केली. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. तिच्यासाठी स्परियर यांनी वाइनची एक मालिका तयार करवून घेतली. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. अलीकडच्या काठावर, पाटसहून बारामतीकडे येताना लागणाऱ्या रोटी गावाजवळ फोर सीझन्सचे मळे आणि वाइनरी उभी राहिली. त्याही आधी, विसाव्या शतकाच्या अखेरीस बारामती ग्रेप इंडस्ट्रीजने बोस्का या इटालियन नावाची वाइन काढली होती.

या खोऱ्यातील रेड वाइन पारखताना रिओहाची फूटपट्टी जशीच्या तशी लावता येत नाही. रिओहात वेल हिवाळ्यात झोपते आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे हवा थंड होत असताना पिकते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलात खरड छाटणी, पावसाळा संपताना गोडी छाटणी आणि फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढत असताना तयार. उष्णतेत साखर भराभर वाढते, पण मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल खर्च करून टाकतो. आम्लता उतरली की रंग फिका पडतो, चव सपक होते आणि जिवाणूंचे फावते. म्हणून उष्ण प्रदेशात वाइन बनवताना टार्टरिक आम्ल मिसळतात. चिंचेला आंबटपणा देणारे आम्ल ते हेच. रिओहाची मुख्य जात 'तेंप्रानियो'. स्पॅनिशमध्ये 'तेंप्रानो' म्हणजे लवकर, आणि ही जात लवकर पिकते म्हणून हे नाव. महाराष्ट्रात नाशिक भागातील काही वाइनरींनी तिची वाइन काढली आहे. नीरेच्या खोऱ्यात शिराझ, कॅबर्ने सोविन्यो आणि इटालियन सांजोवेझे यांच्यावर भर राहिला.

आणखी एक वाट आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र बारामती तालुक्यातील होळ येथे आहे. या संस्थेने 'एआरआय-५१६' हा द्राक्षाचा संकरित वाण विकसित केला. त्यातील एक पूर्वज 'कटाबा' ही अमेरिकन जात आणि दुसरा 'ब्यूटी सीडलेस' ही युरोपीय जात. बुरशीजन्य रोगांना हा वाण बराच प्रतिकार करतो आणि रस, जॅम व रेड वाइन यांसाठी सुचवला गेला आहे. अमेरिकन द्राक्षांच्या कुळात मिथाइल अँथ्रानिलेट या संयुगाचा एक उग्र गोडसर वास असतो. युरोपीय परीक्षक त्याला दोष मानत आले. अमेरिकेत मात्र द्राक्षरसाचा खरा वास तोच, असे लहानपणापासून वाटते. फवारण्या वाचवणारा वाण पारखताना कोणाच्या नाकाचा निकाल अंतिम मानायचा, हा प्रश्न येथे नुसता बौद्धिक राहत नाही.

प्रश्न शेतकऱ्याचा

महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण जाहीर केले आणि वाइनच्या द्राक्षांची लागवड वाढली. ही द्राक्षे लहान मण्यांची, जाड सालीची, बियांची. बाजारात खाण्यासाठी त्यांना गिऱ्हाईक नाही. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी कोसळली, तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी करार असूनही माल उचलला गेला नाही आणि शेतकऱ्यांनी बागा काढून टाकल्या. थॉम्सन सीडलेस नाही विकले गेले तर बेदाणा तरी करता येतो. या द्राक्षांना तीही सोय नाही.

अशा वेळी मोजमापाचे मोल कळते. ब्रिक्स, आम्लता आणि सामू ही मापे शेतकऱ्याच्या बांधावर, त्याच्या डोळ्यांदेखत काढता येतात. त्यावर वाद झाला तर पुन्हा मोजता येते. 'वास बरोबर नाही', 'यंदा प्रत उतरली' हे शब्द मात्र एकाच बाजूच्या तोंडचे असतात. झाकलेला नमुना, अनेक परीक्षक आणि पुनर्तपासणी ही शिस्त म्हणूनच नुसती शास्त्रज्ञांची हौस नाही. तिच्याशिवाय चवीच्या नावाखाली भाव पाडणे सोपे जाते. गुळाच्या ढेपेला, तांदळाच्या वासाला, हापूसच्या पेटीलाही हेच लागू आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

वाइन बाजूला ठेवून ही सारी शिस्त वर्गात गुळाच्या पाण्यावर शिकवता येते. २०० मिलिलिटर पिण्याच्या पाण्यात २० ग्रॅम गूळ आणि तेवढ्याच पाण्यात २४ ग्रॅम गूळ अशी दोन द्रावणे करा. विद्यार्थ्याला सारखे दिसणारे तीन पेले द्या. दोनांत एकच द्रावण, तिसऱ्यात दुसरे. वेगळा पेला ओळखायचा. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ३ मध्ये १. सलग तीनदा बरोबर येण्याची २७ मध्ये १. पेले भरणारा आणि पेले देणारा हे वेगवेगळे असू द्या, म्हणजे देणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळणार नाही.

दुसरा प्रयोग रंगाचा. लिंबाच्या सरबताचे दोन भाग करून एकात खाण्याचा लाल रंग घाला आणि कोणते अधिक गोड आहे ते विचारा. मग तोच प्रश्न डोळे बांधून विचारा. तिसरा प्रयोग नाकाचा. नाक चिमटीत धरून जिरे चावायचे आणि थोड्या वेळाने नाक सोडायचे. चव कोठून आली, हे सांगायची गरज उरत नाही.

वरच्या वर्गांनी फिशर यांचे आठ कप घ्यावेत आणि ७० हा आकडा स्वतः काढावा. शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याने आपले निकाल फळ्यावर मांडावेत. 'मला नक्की कळते' असे आधी म्हणणाऱ्यांचे निकाल वेगळ्या रकान्यात. त्या रकान्यावर होणारी चर्चा या पाठाचा मुख्य भाग समजावी.